गप्प पोर आधी

पोराला अहो आणि बापाला अरे म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. परळच्या एका इस्पितळात, लहान मुलांच्या अपघाताच्या खोलीत, ते भूल द्यायचे. दारावर त्यांच्या नावाची इंग्रजी पाटी होती, पुढं डिग्र्यांची शेपटी होती, पण शिपायापासून मेट्रनपर्यंत सगळे त्यांना भूलवाले डॉक्टरच म्हणायचे. गिरगावातल्या जुन्या, खात्यापित्या घरचे. लग्न केलं नव्हतं. उंच, थोडे वाकलेले, कोट कायम चुरगळलेला आणि कोटाच्या खिशांना संत्र्याच्या सालीचा वास.

माझी बायको जाऊन वर्ष होत आलं. तिच्या दुखण्यात मला हा माणूस जितका आठवला तितका त्याआधी कधी आठवला नव्हता. म्हणून लिहितो.

मी तिथं वॉर्डबॉय होतो. माझं काम एकच, धरायचं. लालबागच्या तालमीत अंग कमावलेलं होतं, ते बघूनच मला ठेवून घेतलं. तेव्हाची पद्धत अशी की पोराचं डोकं फुटलंय, टाके घालायचेत, तर एकानं पाय धरायचे, एकानं हात, आणि मी डोकं न् खांदे. डॉक्टर टाके घालणार, पोर बोंबलणार, आई बाहेर व्हरांड्यात पदर तोंडात कोंबून बसणार. भूल मोठ्या ऑपरेशनला. बारीकसारीक गोष्टीला भूल कोण देतो? पोरांना फारसं जाणवत नाही, असं शिकलेले लोक म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. पोर किती जोरात लाथ मारतं ते आमच्या छातीला ठाऊक होतं, तरी म्हणायचो.

भूलवाले डॉक्टर पहिल्या दिवशी आले तेव्हा एका पोराच्या भुवईला टाके चालले होते. मी त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत गच्च आवळलं होतं. ते कोपऱ्यात उभे राहून बघत राहिले. झाल्यावर मला म्हणाले, "पैलवान, तुला कधी कुणी असं धरलंय का रे?"

मी छाती काढून म्हणालो, "धरणारा अजून जन्माला यायचाय साहेब."

"मग झोप इथं."

मला वाटलं मस्करी. मी टेबलावर आडवा झालो. टेबलाला चामड्याचे पट्टे होते. ते त्यांनी स्वतःच्या हातानं आवळले, कपाळावरचासुद्धा, आणि चहा प्यायला निघून गेले. खोलीतले सगळे हसत होते, मीही हसत होतो. मग हसणारे आपापल्या कामाला गेले. नाकावर माशी बसली. ती उठेना आणि मला हात हलवता येईना. मला काही दुखत नव्हतं, कुणी सुई घेऊन उभं नव्हतं, तरी मी ओरडलो. आईला हाक मारून ओरडलो. डॉक्टर दारातच होते, हातात कप.

"काय झालं रे? लागलं कुठं?"

"नाही साहेब."

"मग?"

त्यांनी पट्टे सोडले, कात्री मागवली आणि एकूण एक पट्टा मुळातून कापून टाकला. एक तेवढा ठेवून घेतला. त्याला भोकं पाडली आणि पँटीला लावला. पुढं कायम तोच त्यांच्या कमरेला. मेट्रनबाईंनी सरकारी माल नेला म्हणून तक्रार केली तेव्हा म्हणाले, "बाई, पँटसुद्धा सरकारी कामावरच आहे."

त्या दिवसापासून माझं धरायचं काम कमी झालं. ज्या जागेला टाके घालायचे ती आधी औषध टोचून बधिर करायची, आणि टोचायच्या आधी तिथं बर्फ लावायचा. पोर फार घाबरलेलं असेल तर गुंगीचं औषध गोड पाकात मिसळून द्यायचं आणि ते लागू पडेपर्यंत थांबायचं. थांबणं कुणाला आवडत नसे. बाहेर रांग लागलेली असायची. पण त्यांनी नियमच केला की औषधावाचून एकाही पोराला चिमटा लागता कामा नये.

पुण्याहून एक छोटे डॉक्टर नवीन आले होते. हुशार होते, पण पुस्तकातून नुकतेच उठून आलेले. एका पोरीच्या पायातली काच काढायची होती. ते म्हणाले, "सर, एवढ्याशा गोष्टीला औषध कशाला? या वयात फारसं जाणवत नाही."

भूलवाल्या डॉक्टरांनी दाते असलेला चिमटा उचलला आणि छोट्या डॉक्टरांच्या दंडाला लावला. छोटे डॉक्टर असे किंचाळले की ती पोरगी रडायची थांबली.

"आता मला सांग," भूलवाले डॉक्टर म्हणाले, "तुला नक्की कुठल्या वाढदिवसापासून जाणवायला लागलं? आठवून सांग, घाई नाही."

हाड बसवायचं असलं तर ईथर द्यावं लागे. तारेची जाळी, त्यावर कापडाच्या घड्या, त्यावर थेंब थेंब ईथर. त्याचा वास एवढा उग्र की मोठी माणसंसुद्धा हातपाय झाडायची. डॉक्टर आधी त्या कापडावर संत्र्याची साल पिळायचे. मग पोराला विचारायचे, "अहो, एक काम करा. हे संत्रं आहे का मोसंबं, तेवढं ओळखा. आमच्यात पैज लागलीय." पोर नाक लावून जोरात वास घ्यायचं. "संत्रं." "नीट घ्या की. आमचे पैलवान म्हणतात मोसंबं." पोर आणखी जोरात हुंगायचं. माझ्याशी वाद घालता घालता झोपून जायचं. कित्येक पोरांनी मला झोपेत जाता जाता गाढव म्हटलंय.

मोठ्या माणसांशी मात्र त्यांचं पटत नसे. एक बाप आपल्या पोराला दरडावत होता, "रडतोस काय बायकांसारखा? मर्द हायेस ना?" डॉक्टर त्याच्याजवळ जाऊन त्याच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाले, "तू रडत नाहीस म्हणून तुला मर्द म्हणतात होय? मला वाटलं मिशीमुळं."

आता त्यांच्या तंबाखूची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

आमच्याकडे पोर पडलं, भाजलं, कापलं की पहिली गोष्ट म्हणजे त्याच्या तोंडात काहीतरी घालायचं. साखर, चहात बुडवलेला पाव, शेजारणीनं धावत आणलेला लाडू. पोर गप्प होतं. पण भरल्या पोटी भूल दिली तर ओकारी छातीत उतरते आणि पोर हातचं जातं. म्हणून डॉक्टर लोक आईला दटावून विचारायचे, "काही खायला दिलं का? खरं सांग!" आवाज ऐकूनच बाई म्हणायची, "सकाळपासून पाण्याचा थेंब नाय." सगळ्या हेच म्हणायच्या. आणि भूल दिली की पाव बाहेर.

भूलवाले डॉक्टर असं विचारत नसत. ते व्हरांड्यात जायचे आणि त्या बाईशेजारी खाली फरशीवर बसायचे. कोट, पँट, सगळ्यासकट. मग म्हणायचे, "तंबाखू आहे का गं?" गिरणीतल्या बायकांच्या कनवटीला तंबाखूचा बटवा असायचाच. बाई गोंधळायची. आमच्या वस्तीतल्या बाया तर हातच मागं घ्यायच्या. त्या दिवसांत आमच्या हातचं पाणी भल्याभल्यांना चालत नव्हतं, आणि हा गिरगावातला डॉक्टर बटव्यात बोटं घालून चिमूट काढायचा आणि वर चुना कमी आहे म्हणून कुरकुरायचा. थोडा वेळ दोघं तंबाखू चघळत बसायची. मग ते सहज विचारायचे, "पावाबरोबर चहा दिलास का दूध?" दिलास का, हा प्रश्नच नसायचा. बाई म्हणायची, "च्या." "बरं केलंस." आणि उठून आत येऊन सांगायचे, "पोट भरलंय. थांबायचं."

हाडांचे सर्जन हातमोजे घालून उभे असायचे. ते भडकायचे. "मी काय दुपारपर्यंत असाच उभा राहू?"

"बस की," भूलवाले डॉक्टर म्हणायचे. "खुर्ची आहे."

त्यांचा एक बोल आम्हाला सगळ्यांना पाठ होता. खोलीत एकदम खूप पोरं आली की नवे लोक सगळ्यात मोठ्यानं रडणाऱ्याकडे धावायचे. हे ओरडायचे, "रडणाऱ्या पोरात दम आहे! गप्प पोर आधी!" आणि गंमत अशी की रडणं सगळ्यात जास्त त्यांनाच सोसत नसे. जेवता जेवता व्हरांड्यात कुणाचं पोर रडलं तर भाताचा हात तसाच घेऊन यायचे. "त्याला औषध दिलं का कुणी?" बास. नमस्कार-चमत्कार काही नाही. डबा तिकडं थंड. मेट्रनबाई म्हणायच्या, हा माणूस दुसऱ्याच्या पोरांपायी उपाशी मरणार.

मुंबईसह महाराष्ट्र पाहिजे म्हणून गिरणगाव पेटलं ते ह्याच सुमाराला. आमच्या लोकांनी धम्माची दीक्षा घेतली त्याच्या आधीच्या थंडीत. रोज मोर्चा, रोज लाठी, रस्त्यात अश्रुधूर. पोलीस धुराची नळकांडी फेकायचे आणि लालबाग-काळाचौकीची पोरं ती उचलून परत त्यांच्यावर फेकायची. नळकांडं तापलेलं असतं. पोरं तळवे सोलून यायची. एकाला डॉक्टरांनी विचारलं, "काय हो, गरम असतं हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. परत फेकायचं होतं."

"पोचलं का?"

"नाय. मधीच पडलं."

"पुढच्या वेळी ओलं गोणपाट घ्या हाताला." मेट्रनबाईंनी कपाळावर हात मारला.

कुणी त्यांना विचारलं, साहेब, तुमचं काय मत, मुंबई कुणाला मिळावी? तर म्हणाले, "आधी ह्यांच्या तळव्याला मलम मिळू दे."

माझी बायको तेव्हा गिरणीत वायंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती. आमची पोर अडीच वर्षांची. बायको पहाटे पहिल्या पाळीला जायची, मी ड्युटीवर. पोर शेजारच्या आजीकडे. ती आजी चाळीतल्या गिरणीवाल्या बायकांची पोरं सांभाळायची. आणि अशी सांभाळलेली सगळी पोरं झोपाळू असायची, कारण बाळगोळी. अफूची काळी गोळी, मोहरीपेक्षा थोडी मोठी, दुधात उगाळून द्यायची. सरकारनं बंद केली होती तरी मिळायची. पोर पाळी सुटेपर्यंत झोपायचं, आईचा हात कामाला मोकळा. इस्पितळात मी तिचे परिणाम बघितले होते, म्हणून घरात बजावलं होतं, ही गोळी माझ्या उंबऱ्याच्या आत दिसली तर याद राखा. बजावणं सोपं होतं. पोर टाकून पाळीला मला जायचं नव्हतं.

त्या दिवशी गोळीबार झाला आणि अर्ध्या पाळीतच गिरण्या बंद पडल्या. आमच्या खोलीत नुसता कल्लोळ. तळवे भाजलेली, डोकी फुटलेली, डोळे चोळणारी पोरं, आणि सगळ्यांच्या आवाजानं कान फाटत होते. भूलवाले डॉक्टर एका पोराच्या मोडलेल्या पायाशी होते. तेवढ्यात दारातून माझी बायको आली. डोक्यावरचा पदर गळून पडलेला, डोळे धुरानं लाल, आणि हातात आमची पोर, ओल्या लुगड्यात गुंडाळलेली.

धूर चाळीत शिरला तेव्हा आजीनं पोरं आत ओढून दार लावलं होतं. त्या गडबडीत स्टोव्हवरचं पेजेचं भांडं पोरीवर उलटलं होतं. उजवा हात, खांदा, मानेची एक बाजू. कातडी पापडासारखी सुटलेली. बायको गिरणीतून घरी पोचली ती थेट पोर उचलून निघाली, गल्लीबोळातून, पोलिसांच्या मधून.

छोटे डॉक्टर धावले. आता तेही नियमाला पक्के झाले होते, औषधावाचून हात लावायचा नाही. त्यांनी मॉर्फिन भरलं. मी म्हणालो, "द्या साहेब, लवकर द्या." पोर माझ्या हातात होती. हात लावला की कण्हायची, पुन्हा मान टाकायची. मला वाटलं शहाणी आहे, बापाला बघून शांत झाली.

सुई टोचायला दंड पुसला, आणि खोलीच्या त्या टोकावरून भूलवाले डॉक्टर ओरडले, "ती का रडत नाही?"

सगळा कल्लोळ चालू असताना त्यांना काय ऐकू आलं असेल तर ते तेवढंच, की एक पोर रडत नाही. मोडका पाय दुसऱ्याच्या हातात देऊन ते आले. छोट्या डॉक्टरांचा हात मनगटाला धरून बाजूला केला. पोरीची पापणी उचलली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. मग तिच्या ओठाच्या कडेला बोट फिरवून वास घेतला. काळपट डाग होता, ओला.

"काय दिलंय हिला?" छोट्या डॉक्टरांनी बायकोला विचारलं.

"काय बी नाय दिलं."

मी मध्ये पडलो. "ती नाही देणार साहेब. माझ्या घरात ती गोळी येतच नाही. मी बजावलंय."

भूलवाले डॉक्टर माझ्याकडे वळले. "पैलवान, पोर छोट्या डॉक्टरकडे दे आणि बाहेर हो."

"साहेब, माझी पोर आहे."

"म्हणूनच. बाहेर हो."

मी अर्ध्या दाराच्या बाहेर उभा राहिलो. आतलं मला दिसत होतं. माझी पोर भाजलेली, खोलीत एवढी पोरं रडतायत, आणि हा माणूस माझ्या बायकोशेजारी फरशीवर बसला. तिला म्हणाला, "तंबाखू आहे का गं?"

मला वाटलं दार फोडून आत जावं आणि ह्याची मान पिरगाळावी.

बायकोनं बटवा पुढं केला. त्यांनी चिमूट घेतली, चुना लावला, मळला. त्या दिवशी घाई होती तरी मळला. म्हणाले, "माझी आईसुद्धा आम्हा भावंडांना द्यायची. श्रीमंताघरची बाई, पण तिलाही झोप हवी असायची. पहाटे अर्धी दिलीस का पूर्ण?"

बायको म्हणाली, "पुरी."

"आणि हा ओठावरचा डाग ताजा आहे. म्हणजे भाजल्यावर आजीनं आणखी एक दिली, पोर गप्प व्हावं म्हणून. तुझी तिला माहीत नाही आणि तिची तुला माहीत नाही. होय ना?"

"असंल. ती बी देती. तिच्याकडं असत्यात." आणि बायको कोसळलीच. "साहेब, माझी पोर मंग..."

"सांगितलंस ते फार बरं केलंस," असं म्हणून ते उठले. भरलेली सुई त्यांनी मोरीत रिकामी केली. छोटे डॉक्टर भिंतीला टेकले. सुईतलं मॉर्फिन आणि बाळगोळी, दोन्ही अफूच्याच घरातली. ती सुई गेली असती तर पोरीनं श्वास घ्यायचं सोडून दिलं असतं. नियम डॉक्टरांचाच होता, आणि त्यात चूक कुणाची काढायची तर कुणाचीच निघत नाही.

मला आत बोलावलं. डॉक्टरांचा आवाज बदलला होता. "पैलवान, आज सगळं उलटं आहे. आज हिला झोपू द्यायचं नाही. झोपली की श्वास थांबणार. नळीनं पोट धुवायचं, काळी कॉफी घालायची, आणि अंगातली अफू उतरेपर्यंत जागी ठेवायची. तिला जागी ठेवील अशी एकच गोष्ट माझ्याकडे आहे. तिचं दुखणं." आणि मग म्हणाले, "आज धर."

मी माझ्या पोरीला धरलं. लाल औषधाच्या पाण्यानं पोट धुतलं. तोंडाशी ऑक्सिजन लावला. भाजलेला हात ओल्या फडक्यात ठेवला, पण त्याला सुन्न करायला काही दिलं नाही. पोरीची मान कलंडली, श्वास लांबला की डॉक्टर तिच्या भुवईखालच्या हाडावर अंगठा दाबायचे, तळपायाला चिमटा काढायचे. ती कळवळून डोळे उघडायची, एक मोठा श्वास घ्यायची. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "माफ करा बाई. चुकलं आमचं. घ्या, श्वास घ्या." मग पुन्हा वाट बघायची. पुन्हा मान कलंडायची. पुन्हा अंगठा. "माफ करा बाई."

हा तोच माणूस, ज्यानं एकाही पोराला औषधावाचून चिमटा लागू दिला नव्हता. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो पुसायला त्यानं हात काढला नाही. दुपार गेली. छोटे डॉक्टर म्हणाले, "सर, मी करतो थोडा वेळ." "नको," ते म्हणाले. "हे शिकायचं काम नाही."

बायको दाराआड उभी होती. कुणी बस म्हटलं तरी बसली नाही.

दिवे लागायच्या सुमाराला पोरीनं आपणहून डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि भोकाड पसरलं. असं रडली, असं रडली की व्हरांड्यातले लोक बघायला आले. छोटे डॉक्टर सवयीनं औषधाच्या कपाटाकडे वळले. भूलवाले डॉक्टर स्टुलावर मटकन बसले आणि त्यांनी हात वर केला.

"थांब जरा," म्हणाले. "ऐकू दे."

आम्ही सगळे उभे राहून माझ्या पोरीचं रडणं ऐकलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

नंतर बऱ्याच वेळानं, श्वास धडधाकट झाल्यावर, त्यांनी स्वतः तिच्या हाताचं ड्रेसिंग केलं. पाण्यात भिजवून भिजवून, इतकं हळू की ती मध्येच त्यांच्याशी बोलायला लागली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरी जाऊन बायकोला एक शब्द बोललास तर परत टेबलाला बांधीन."

"पट्टे कुठं आहेत साहेब?"

"एक आहे."

मी तिला काही बोललो नाही. बोलायचं तिनं माझ्यासाठी ठेवलंच नव्हतं. ती स्वतःलाच बोलत राहिली, सगळं आयुष्य. दात दुखला, कंबर गेली, दुसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचली, पण दुखण्याची गोळी म्हणून तिनं कधी तोंडात घातली नाही. विचारलं तर म्हणायची, सोसतंय. डॉक्टर त्या दिवसानंतर पाळी सुटायच्या वेळी कधीमधी गिरणीच्या फाटकाशी जाऊन बसायचे, बायकांकडून तंबाखू मागत आणि गोळीबद्दल बोलत. लोक म्हणायचे, वेड लागलं. बायको लांबून बघायची, पण जवळ कधी गेली नाही. पुढं ते रिटायर झाले आणि गिरगावात आपल्या घरी झोपेत गेले.

आमची पोर मोठी झाली, लग्न होऊन शीवला गेली. तिच्या हाताला अजून वण आहेत.

बायकोला शेवटी कॅन्सर झाला आणि तो हाडांत उतरला. उशी दातात धरून पडायची. घरी एक तरुण डॉक्टरीणबाई यायच्या. त्या म्हणाल्या, "आजी, आता मॉर्फिन देऊया. खूप आराम पडेल."

बायकोनं विचारलं, "हे कशाचं असतं?"

बाई खरं बोलल्या. "अफूपासूनच बनतं. पण घाबरायचं कारण नाही."

बायकोनं भिंतीकडे तोंड केलं. "नको."

मी समजावलं, ओरडलो, शिव्या दिल्या. मला दुसरं येतंय काय? ती ऐकेना. तिला वाटत होतं हे दुखणं तिनं भोगायलाच पाहिजे. मी लेकीला बोलावून घेतलं.

लेक आली, आईच्या उशाशी बसली आणि बाही वर केली. "आई, हा हात बघ."

"नको दावूस."

"बघ म्हणते ना. ह्यातलं मला काय आठवतं सांगू? काहीच नाही. भाजलेलं नाही, इस्पितळ नाही, काही नाही."

बायको बारीक आवाजात म्हणाली, "तुला लई दुखवलं त्यांनी. ह्यांनी धरलंवतं. मी दाराआडून ऐकलं. मीच दिलीवती गोळी."

"दिलीस. आणि विचारल्यावर सांगितलंस. सांगितलं नसतंस तर आज मी इथं बसून तुझी बडबड ऐकत नसते. माझं दुखणं केव्हाच संपलं आई. ते तू एकटीच अजून सोसत बसलीयस. आता पुरे."

पोरांना पुढं आठवत नाही असं कुणी म्हटलं की भूलवाले डॉक्टर चिडायचे. म्हणायचे, अरे, त्याला नसेल, पण दाराआड उभ्या असलेल्या बाईला आठवतं, तिला कुठलं औषध देशील? मला ते तेव्हा कळलं नव्हतं. तिथं खाटेशी उभा होतो तेव्हा कळलं.

बायकोनं बराच वेळ लेकीच्या वणांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगा त्या बाईला. टोच म्हनावं."

संध्याकाळी तिला जाग आली. कपाळावरची आठी गेली होती. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि एकदम कडाडली, "खिडकी कोणी उघडी टाकली? डास येत्यात, अक्कल हाय का नाय तुमाला?"

किती दिवसांत ती माझ्यावर ओरडली नव्हती. दुखणारं माणूस भांडत नाही, त्याला तेवढी सवड नसते. मग ती जाईपर्यंत रोज भांडली. भाताला मीठ जास्त, चादर नीट घातली नाही, लेकीला रिकाम्या हातानं कसं पाठवलं. मी उलट एक शब्द बोललो नाही. नाही, खोटं कशाला लिहू, बोललो. चांगला तोंडाला तोंड देऊन बोललो. तिला तेच हवं होतं.